उसने चाळीस डॉलर : टॉम टी. हॉल यांची गाणी आणि लेखन

(वाचनालयाच्या वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं मुद्रित रूप)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या कपाटात कवितासंग्रह आणि ग्रामोफोनच्या तबकड्या शेजारी शेजारी असत, असं कार्यवाहांनी मला सांगितलं. म्हणून गाणी लिहिणारा, ती गाणारा आणि शिवाय पुस्तकं लिहिणारा असा एकच माणूस मी आजच्यासाठी निवडला. तो केंटकीचा निघाला, त्याला माझा इलाज नाही. त्याचं नाव टॉम टी. हॉल. गिटार, बँजो, फिडल घेऊन अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगरी आणि शेतकरी लोकांनी जे गाणं वाढवलं, ज्याला तिकडं कंट्री म्युझिक म्हणतात, त्या गाण्यातला हा मोठा माणूस. आपल्याकडं त्यांचं नाव फारसं कुणाच्या कानावर नाही. त्यामुळं ओळख करून देताना थेट एका गाण्यापासूनच सुरुवात करतो.

१९६८ साली त्यांचं 'बॅलड ऑफ फॉर्टी डॉलर्स' आलं. गाणं एका दफनविधीचं आहे. आता असं गाणं म्हटलं की कोण बोलेल? विधवा बोलेल, मुलगा बोलेल, फार तर धर्मोपदेशक बोलेल. इथं बोलतो दफनभूमीत कामाला असलेला गडी. तो लांब उभा राहून बघतोय. गाड्या केवढ्या आल्या, नातेवाईक कोण कुठले, हे त्याचं चाललंय. विधवा दिसायला बरी आहे, हेही त्याच्या नजरेतून सुटत नाही. बिगूल वाजतो, त्यावरून मेलेला माणूस कधीकाळी फौजेत होता एवढं आपल्याला कळतं. कुणी रडत नाही, निदान गाणारा तरी रडत नाही. आणि अगदी शेवटी, जाता जाता, तो सांगून टाकतो की हा जो आत्ता खाली गेला, त्याच्याकडं आपले चाळीस डॉलर येणं होतं.

बस. गाणं संपलं. त्या चाळीस डॉलरांमुळं मेलेला माणूस एकदम खरा होतो. त्याची मैत्री होती, त्याची उधारी होती, त्याला कुणीतरी विश्वासानं पैसे दिले होते. गडी हलकट आहे की भाबडा, दुःखी आहे की नुसताच वैतागलेला, याबद्दल हॉल चकार शब्द काढत नाहीत. माझी हयात वर्तमानपत्रात गेली. बातमीच्या शेवटी स्वतःचं एक शहाणपणाचं वाक्य जोडायची खोड किती चिवट असते, ते मला ठाऊक आहे. या माणसानं ती खोड लावूनच घेतली नाही. आज मला जे सांगायचंय ते एवढ्यापुरतंच आहे: हॉल यांनी गाण्यात वार्तांकन आणलं, आणि निवाडा ऐकणाऱ्यावर सोडला. आपला पोवाडा घटना सांगतो, पण त्याला वीर लागतो. हॉल यांना वीर लागत नव्हता, डुकरं पाळणारा शेतकरीही चालत होता.

त्यांचा जन्म २५ मे १९३६ चा, केंटकी राज्यातल्या ऑलिव्ह हिल या लहानशा गावचा. गावात भट्टीच्या विटांचे कारखाने होते. वडील विटांच्या कारखान्यात राबायचे आणि धर्मोपदेशही करायचे. मुलगा आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून गिटार वाजवायला आणि ओळी जुळवायला लागला. गावात एक तरुण गिटारवाला होता, त्याच्या मागं मागं हा फिरायचा. तो तरुण विशीच्या आसपास आजारानं गेला. पुढं १९७१ मध्ये हॉल यांनी त्याच्यावर 'द इयर दॅट क्लेटन डेलनी डाइड' हे गाणं केलं. क्लेटन डेलनी हे नाव बनवलेलं होतं, माणूस मात्र खरा. ते गाणं कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. गावाबाहेर फारसा कुणाला ठाऊक नसलेला एक वादक, मेल्यावर इतक्या वर्षांनी अमेरिकाभर रेडिओवर वाजला.

आई लहानपणीच गेली. मग शिकारीतल्या अपघातात वडिलांना गोळी लागली, त्यांच्यानं काम होईना. पंधराव्या वर्षी टॉमनं शाळा सोडली आणि कपड्यांच्या कारखान्यात लागला. त्याच सुमाराला गावातल्या पोरांना जमवून त्यानं 'केंटकी ट्रॅव्हलर्स' हा वाद्यवृंद काढला. डोंगरातल्या वस्त्यांवर फिरता सिनेमा दाखवणाऱ्या एकाबरोबर ही पोरं जायची, आणि सिनेमा सुरू होण्याआधी लोक जमवायला गाणी म्हणायची. मग मोरहेड गावच्या रेडिओ केंद्रावर निवेदकाची नोकरी मिळाली. १९५७ ते १९६१ अमेरिकी लष्करात, जर्मनीत. तिथं लष्कराच्या रेडिओवर शिपायांच्या जगण्यावरची विनोदी गाणी म्हणायची संधी मिळाली. परत आल्यावर व्हर्जिनियातल्या रोनोक कॉलेजात लेखनाचं शिक्षण आणि पोटापाण्यासाठी पुन्हा रेडिओ.

हा सगळा तपशील मी भराभर सांगितला, पण त्यातली एक गोष्ट धरून ठेवा. या माणसाला आधी लेखक व्हायचं होतं. त्या काळातले कंट्रीचे बहुतेक गायक चर्चमधून किंवा नाचाच्या जलशांतून आले. हे मात्र गद्य लिहायला शिकायच्या ध्यासातून आले. त्यांच्या गाण्यांत ध्रुवपद बऱ्याचदा नसतंच. कडवी एकामागून एक येतात, जशी बातमीतली परिच्छेदांची उतरंड. चाल साधी, दोन-तीन सुरांवर चालणारी, आवाज बोलल्यासारखा. गळा म्हणून पाहिलं तर जॉर्ज जोन्ससारख्या गायकापुढं त्यांचा आवाज अगदी सामान्य. त्यांनाही ते माहीत असणार, कारण आवाजाची कमाल दाखवायला जागा मिळेल अशी रचना त्यांनी क्वचितच केली.

रेडिओवर काम करता करताच त्यांची काही गाणी कंट्रीच्या माहेरघरी, नॅशव्हिलला पोचली. जिमी सी. न्यूमन या गायकानं त्यांचं 'डी.जे. फॉर अ डे' म्हटलं आणि ते पहिल्या दहांत गेलं. त्या जोरावर १९६४ च्या जानेवारीत हॉल नॅशव्हिलमध्ये दाखल झाले. खिशात ४६ डॉलर आणि हातात गिटार, असं ते सांगत. 'न्यूकीज म्युझिक' या गीतप्रकाशन संस्थेनं त्यांना आठवड्याला ५० डॉलरवर ठेवून घेतलं.

ही नोकरी म्हणजे काय, ते समजून घेण्यासारखं आहे. नॅशव्हिलमधला गीतकार तेव्हा जवळजवळ रोजंदारीवरचा कारागीर होता. सकाळी यायचं, खोलीत बसायचं, गाणी पाडायची. प्रकाशकाची माणसं ती घेऊन गायकांच्या आणि निर्मात्यांच्या मागं फिरायची. स्टुडिओत साधारण तीन तासांच्या एका बैठकीत तीन-चार गाणी उरकायची. गाणं चाललं तर १९०९ च्या कायद्यानं ठरवलेला दर मिळायचा: विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागं गाण्याला दोन सेंट, त्यात निम्मे सहसा प्रकाशकाचे. हा दोन सेंटांचा दर १९७७ अखेरपर्यंत तसाच होता. महागाई कुठल्या कुठं गेली, गाण्याचा भाव मात्र जागचा हलला नाही. हे ऐकून इथल्या काही लेखकांना आपला मानधनाचा धनादेश आठवला असेल, पण तो विषय आजचा नाही.

अशा कारखान्यात हॉल यांनी पुष्कळ मागणी तसा पुरवठा केला. ट्रकचालकांची गाणी केली, दारूची केली, युद्धाचीही केली. १९६५ मध्ये जॉनी राइट यांनी म्हटलेलं 'हेलो व्हिएतनाम' हे हॉल यांचंच. रणांगणावर निघालेला सैनिक आपल्या प्रेयसीचा निरोप घेतो आणि स्वातंत्र्य राखायला हे युद्ध लढलंच पाहिजे असं बजावतो. गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. बावीस वर्षांनी स्टॅनली कुब्रिक यांनी 'फुल मेटल जॅकेट' केला आणि सिनेमाच्या पहिल्याच दृश्यावर ते गाणं घातलं. पडद्यावर नव्यानं भरती झालेल्या पोरांच्या डोक्यावरून एकामागून एक मशीन फिरतंय, केस जमिनीवर पडताहेत, चेहरे निर्विकार, आणि मागं हे देशभक्तीचं गाणं. लिहिणाऱ्यानं जे सरळ म्हटलं होतं, ते कुब्रिक यांनी एकही शब्द न बदलता उलटं करून दाखवलं.

पण कुब्रिक यांच्याही आधी ते काम स्वतः हॉल यांनीच केलं होतं. साधारण १९७० च्या सुमाराचं त्यांचं 'मामा बेक अ पाय (डॅडी किल अ चिकन)' ऐका. मथळ्यावरून वाटतं, पोरगा घरी येतोय म्हणून जेवणाची तयारी चाललीय. तशी ती चाललीच आहे. फक्त पोरगा व्हिएतनामहून चाकांच्या खुर्चीत येतोय. मांडीवरच्या पांघरुणाखाली बाटली आहे. भेटणारे लोक काहीबाही बोलतात, तोही काहीबाही उत्तरं देतो, आणि प्रेयसीनं दुसऱ्याशी संधान बांधलंय हे त्याला कळून चुकलंय. युद्ध बरोबर की चूक हा शब्दच गाण्यात नाही. पाच वर्षांपूर्वीच्या गाण्यात मत होतं, माणूस पुसट होता. या गाण्यात मत गेलं आणि माणूस आला. माझ्या मते हॉल यांच्या कारकिर्दीतलं खरं वळण हे आहे. लोक मात्र वळण म्हणून 'हार्पर व्हॅली पी.टी.ए.'कडं बोट दाखवतात.

त्या गाण्याबद्दल बोललं नाही तर मात्र व्याख्यान अपुरं राहील. १९६८ चा उन्हाळा. जीनी सी. रायली ही नॅशव्हिलमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणारी तरुणी. तिनं हे गाणं म्हटलं आणि रातोरात नाव झालं. साठ लाखांवर प्रती खपल्या. अमेरिकेच्या सर्वसाधारण यादीत आणि कंट्रीच्या यादीतही एकाच गाण्यानं पहिला क्रमांक मिळवणारी ती पहिली स्त्री. हा मान पुढं डॉली पार्टन यांना 'नाइन टू फाइव्ह'नं मिळाला, तोही १९८१ मध्ये. गोष्ट अशी: एका विधवेच्या मुलीबरोबर शाळेच्या पालक-शिक्षक मंडळानं चिठ्ठी पाठवली. तुमचे झगे आखूड, तुमचं पिणं, तुमचं पुरुषांबरोबर फिरणं मुलीला वळण लावायला योग्य नाही. बाई त्याच दुपारी आखूड झगा घालून सभेत गेली आणि व्यासपीठावरच्या एकेकाचं नाव घेऊन त्याची भानगड चारचौघांत सांगितली. ऑलिव्ह हिलमध्ये हॉल यांच्या लहानपणी असा प्रकार खरोखर घडला होता. आणि हे सगळं आपल्याला सांगतेय ती त्या बाईची मुलगीच, हे शेवटी उलगडतं. पुढं १९७८ मध्ये त्यावर सिनेमा निघाला, मग दूरचित्रवाणी मालिकाही.

गाणं ठसकेबाज आहे, वादच नाही. पण मला ते हॉल यांच्या उत्तम गाण्यांत धरवत नाही. त्यात ऐकणाऱ्याला बाजू घेणं फार सोपं जातं. आपण सगळे टाळ्या वाजवत त्या बाईच्या मागं उभे राहतो, आणि आपल्यातला कुणीही त्या मंडळाचा सभासद असू शकेल हे कुणाच्या मनातही येत नाही.

आता १९७१ च्या सुरुवातीला या. हॉल नाव कमावून बसलेत. त्याच वर्षी 'ग्रँड ओल ऑप्री'त, म्हणजे कंट्रीवाल्यांच्या मानाच्या गादीवर, ते सभासद झाले. टेक्स रिटर या जुन्याजाणत्या गायक-नटानं त्यांना 'द स्टोरीटेलर' हे बिरुद दिलं आणि ते जन्मभर चिकटलं. मात्र गाणी सुचेनाशी झाली की काय कोण जाणे, ते नॅशव्हिलच्या खोलीतून उठले आणि गाडीत बसून केंटकीच्या आडवाटेनं हिंडू लागले. हातात वही. थांबायचं, लोकांशी बोलायचं, लिहून घ्यायचं. त्यातून 'इन सर्च ऑफ अ साँग' ही तबकडी झाली. तिच्यातल्या एका गाण्याचं नाव चक्क एक स्थळ आणि एक तारीख आहे: 'केंटकी, फेब. २७, '७१'. बातमीवर टाकतात तशी तारीख गाण्यावर टाकलेली मी तरी दुसरी पाहिली नाही.

या तबकडीत 'ट्रिप टू हायडन' हे गाणं आहे. त्यासाठी मागची हकीकत सांगायला हवी. केंटकीच्या पूर्व भागात हायडन गावाजवळ हरिकेन क्रीक इथं कोळशाची खाण होती. ३० डिसेंबर १९७० रोजी तिथं स्फोट झाला आणि ३८ कामगार मेले. भूमिगत खाणीत वापरायला बंदी असलेली स्फोटक दोरी तिथं वापरली होती आणि उडलेल्या कोळशाच्या भुकटीनं पेट घेतला. कामगारांच्या सुरक्षेचा नवा कडक कायदा राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सहीनं झाला होता तो ३० डिसेंबर १९६९ रोजी. दिवस मोजा. बरोबर एक वर्ष. कुठल्याही संपादकीयाला यापेक्षा तयार मालमसाला मिळणार नाही. गाणं करणाऱ्यालाही.

हॉल तिथं गेले. आणि गाण्यात काय केलं? कायद्याचा उल्लेख नाही. निक्सन नाहीत. मालकाला शिव्या नाहीत. गाडीनं जाताना रस्त्यात काय लागलं, वाट कुणाला विचारली, गावात कोण भेटलं, खाणीचं तोंड कसं दिसलं, थंडी कशी होती. उगाच आलेल्या उपऱ्यासारखं तिथं उभं राहताना कसं वाटलं, एवढंच. शेवटी एक बाई, मेलेल्यांच्या नावानं आता जो पैसा येतोय त्याबद्दल, एक कडवट वाक्य बोलते. हॉल ते वाक्य जसंच्या तसं ठेवतात आणि बाईंनी पुरेसं सांगितलंय अशा अर्थाचं काहीसं म्हणून गाणं थांबवतात. जागच्या जागी. घटनास्थळावरून परतलेल्या आमच्यासारख्यांना हे गाणं ऐकताना जरा ओशाळल्यासारखं होतं. आम्ही त्या वाक्याचा मथळा केला असता आणि खाली आमचे दोन परिच्छेद जोडले असते.

ऐकणारे जुने हॉलभक्त याच्याही वर 'होमकमिंग'ला ठेवतात, आणि मी त्यांच्याशी भांडणार नाही. १९६९ चं गाणं. एक गायक दौऱ्यावर असताना वाटेत बापाला भेटायला येतो. आपल्याला ऐकू येतं ते फक्त मुलाचं बोलणं. बापाची उत्तरं मुलाच्या पुढच्या वाक्यावरून ताडायची. आईच्या अंत्यविधीला का येता आलं नाही, हे तो सांगतो, आणि कारण लंगडं आहे हे त्यालाही कळतंय. हातात अंगठी दिसते, चेहरा पांढराफटक दिसतो, यावर बापानं काहीतरी टोकलेलं असणार, कारण मुलगा सारवासारव करतो. गाडीत कुणीतरी थांबलंय. लगेच निघायचंय. इतकी घाई असताना आलाच कशाला, हे बाप विचारत नाही, की विचारतो आणि आपल्याला ऐकू येत नाही, ठरवणं कठीण. नाटककारांनी हे गाणं समोर ठेवून एकदा बसावं. एका बाजूचे संवाद लिहून दुसरी बाजू उभी करायची, तीही तीन-चार मिनिटांत.

विनोदही त्यांना असाच जमायचा. 'अ वीक इन अ कंट्री जेल' हे त्यांचं गायक म्हणून पहिल्या क्रमांकावर गेलेलं पहिलं गाणं. वेगात गाडी हाणली म्हणून लहान गावच्या कोठडीत पडलेल्या माणसाची कथा. एका रात्रीचा मामला आठवडाभर लांबतो, कारण न्यायाधीश गावात नाही. जेलरची बायको रोज तेच जेवण वाढते. सुटताना मात्र पठ्ठ्याला जेलरच्या बायकोचाच विचार सुचतो. घटना हॉल यांच्याच अंगावरून गेलेली होती म्हणतात.

'ओल्ड डॉग्ज, चिल्ड्रन अँड वॉटरमेलन वाइन' हे नाव यानंतर घ्यायला हवं. १९७२ च्या उन्हाळ्यात मायामी बीचला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं होतं, त्या निमित्तानं हॉल तिथं होते. रात्री उशिरा हॉटेलच्या बारमध्ये बसले. बारवाला दूरचित्रवाणी बघतोय, गिऱ्हाईक कुणी नाही, साफसफाई करणारा एक म्हातारा काळा माणूस येऊन बोलत बसतो. त्याच्या मते जगात पदरी बाळगण्यासारख्या तीनच गोष्टी, त्या गाण्याच्या नावातच आहेत. देशाचा राष्ट्राध्यक्ष कोण व्हावा हे ठरवायला हजारो माणसं जमलेल्या गावातून हॉल यांनी काय आणलं, तर टेबलं पुसणाऱ्याचं बोलणं. दुसऱ्या दिवशी विमानात बसल्या बसल्या गाणं लिहून काढलं. ते १९७३ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं.

त्याच वर्षी त्यांना ग्रॅमी मिळालं. कशाला, तर आपल्या निवडक गाण्यांच्या तबकडीच्या वेष्टनावर त्यांनी स्वतः जो मजकूर लिहिला होता त्याला! गाणं सोडून गद्याला ग्रॅमी, असं क्वचितच कुणाच्या वाट्याला आलं असेल. हा पुरस्कार आला आणि हॉल यांच्यातला लेखक जणू सरसावून बसला. १९७६ मध्ये 'हाउ आय राइट साँग्ज, व्हाय यू कॅन' हे गीतलेखनाच्या कसबावरचं पुस्तक. १९७९ मध्ये 'द स्टोरीटेलर्स नॅशव्हिल' हे आठवणींचं. मग कादंबऱ्या: १९८२ मध्ये 'द लाफिंग मॅन ऑफ वुडमाँट कोव्ह्ज', १९९० मध्ये 'स्प्रिंग हिल, टेनेसी', १९९६ मध्ये 'व्हॉट अ बुक!'. मध्ये १९८६ ला 'द ॲक्ट्स ऑफ लाइफ' हा कथासंग्रह. अमेरिकी कवी मिलर विल्यम्स यांच्यासारखी साहित्यातली माणसं त्यांची मित्र होती. छंद म्हणून एखादं पुस्तक लिहिणारे गायक पुष्कळ असतात. हे तसं नव्हतं.

तरीही खरं सांगायचं तर हॉल आज स्मरणात आहेत ते गाण्यांमुळं. कादंबऱ्या वाचणारे थोडे. याचं कारण मला असं दिसतं की त्यांची खरी ताकद गाळण्यात होती. तीन मिनिटांची चौकट, ओळीला ओळ जुळवायची सक्ती, तबकडीची एक बाजू. या अडचणी होत्या म्हणून तो म्हातारा तीन गोष्टींवर आला आणि दफनभूमीतला गडी चाळीस डॉलरांवर. तीनशे पानं मोकळी दिली की सांगायला वाव मिळतो, आणि सांगायला वाव नसतानाच हॉल सर्वांत जास्त सांगत होते. आठवणींचं पुस्तक मात्र अपवाद. 'द स्टोरीटेलर्स नॅशव्हिल' अजून वाचनीय आहे.

एक आक्षेप इथं घ्यायलाच हवा, आणि तो घेणारा माणूस साधा नव्हता. फेब्रुवारी २०१५ मध्ये लॉस एंजेलिसला एका सत्कार समारंभात बॉब डिलन यांनी लांबलचक भाषण केलं. त्यात त्यांनी हॉल यांना बरंच झोडलं. नव्या पिढीच्या गीतकारांबद्दल हॉल यांनी पूर्वी कधीतरी कुरकुर केली होती, ती डिलन विसरले नव्हते. हत्यार म्हणून त्यांनी हॉल यांचं १९७३ चं 'आय लव्ह' हे गाणं घेतलं. त्या गाण्यात आपल्याला काय काय आवडतं याची नुसती यादी आहे, बदकाच्या पिल्लांपासून पावसापर्यंत. ख्रिस क्रिस्टॉफरसन हे नव्या पिढीचे गीतकार नॅशव्हिलला आले आणि या जुन्या मंडळींचं जगच उलटंपालटं झालं, असा डिलन यांचा एकूण सूर.

'आय लव्ह'बद्दल डिलन यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. गाणं गोडमिट्ट आहे. पण तेच हॉल यांचं सर्वांत जास्त पसरलेलं गाणं ठरलं, सर्वसाधारण यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत चढलं, आणि लोकप्रिय गाण्यावरून माणूस मोजायचा मोह डिलन यांनाही आवरला नाही. 'होमकमिंग' आणि 'ट्रिप टू हायडन' लिहिणाऱ्याला शब्दांची कंजुषी क्रिस्टॉफरसन यांच्याकडून शिकायची गरज नव्हती. शिवाय वेळ वाईट होती. हॉल यांची पत्नी जानेवारीच्या मध्याला वारली होती. भाषण झालं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात.

या पत्नीबद्दल दोन शब्द, कारण त्यांच्याशिवाय हॉल यांच्या उत्तरायुष्याला अर्थ लागत नाही. त्या जन्मानं इंग्रज, मूळ नाव आयरिस लॉरेन्स, पुढं सगळ्यांना माहीत त्या डिक्सी हॉल, घरी-दारी 'मिस डिक्सी'. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत आल्या. 'म्युझिक सिटी न्यूज' या पत्रात लिहायच्या. कंट्री गाण्याच्या आजीबाई म्हणाव्यात अशा मेबेल कार्टर यांच्या घरी काही काळ राहिल्या. डेव्ह डडली यांनी १९६५ मध्ये म्हटलेलं 'ट्रक ड्रायव्हिंग सन ऑफ अ गन' हे ट्रकचालकांचं दणदणीत गाणं लिहिण्यात या इंग्रज बाईंचा हात होता. त्या गाण्याच्या पुरस्कारानिमित्तच्या मेजवानीतच दोघांची गाठ पडली. १९६८ मध्ये लग्न झालं. नॅशव्हिलच्या दक्षिणेला फ्रँकलिनजवळ 'फॉक्स हॉलो' नावाच्या त्यांच्या शेतघरी बेवारस कुत्र्यांचा सुकाळ असायचा. १९७४ मध्ये तिथल्याच प्राण्यांवर हॉल यांनी 'साँग्ज ऑफ फॉक्स हॉलो' ही मुलांची तबकडी केली, तीत 'स्नीकी स्नेक' नावाचा एक चोरटा साप आहे. तो मुलांना फार आवडला.

१९९६ मध्ये हॉल यांचं 'लिटल बिटी' ॲलन जॅक्सन यांनी म्हटलं, तेही पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यानंतर ते दौऱ्यांतून हळूहळू बाहेर पडले. बाहेर पडून बसून राहिले असं नाही. ते आणि मिस डिक्सी मिळून ब्लूग्रासची गाणी लिहायला लागले. ब्लूग्रास म्हणजे बँजो, मॅंडोलिन, फिडल अशा वीज न लागणाऱ्या वाद्यांवरचं डोंगरी गाणं, आणि त्यात पैसा तुलनेनं फारच थोडा. घरी स्टुडिओ बांधला. अजून नाव न झालेले वादक यायचे, जेवायचे, यांची गाणी ध्वनिमुद्रित करून न्यायचे. शेकडो गाणी झाली. कारखान्यात ५० डॉलरवर गाणी पाडणारा माणूस म्हातारपणी आपल्या स्वयंपाकघरात बसून पोरांना गाणी वाटत होता. मुलाखतीत कुणी गुपित विचारलं, तर माझ्या गाण्यातल्या माणसांना मी चांगलं-वाईट ठरवत नाही, अशा अर्थाचं काही तरी सांगून ते विषय बदलायचे.

२००८ मध्ये 'कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम'नं त्यांना घेतलं. २०१८ मध्ये ब्लूग्रासच्या हॉल ऑफ फेमनं नवरा-बायको दोघांना एकत्र घेतलं, तेव्हा मिस डिक्सी हयात नव्हत्या. २० ऑगस्ट २०२१ रोजी फ्रँकलिनच्या घरी हॉल गेले. वय ८५.

व्याख्यान ऐकून घरी गेल्यावर काय ऐकावं, असं काही जण मला मघाशी विचारत होते. 'इन सर्च ऑफ अ साँग'पासून सुरुवात करा, ती पहिल्यापासून ओळीनं ऐका, मधूनच उड्या मारू नका. पहिलंच गाणं क्लेटन डेलनीचं आहे. त्यानंतर लगेच 'हूज गॉना फीड देम हॉग्ज' येतं: एक शेतकरी इस्पितळात मरायला टेकलाय आणि माझ्या डुकरांना खायला कोण घालणार म्हणून तळमळतोय. मग तिसरं हायडनचं. पहिल्या ऐकण्यात उच्चार कळणार नाहीत, केंटकीची बोली आहे. शब्द समोर छापून घ्या आणि पुन्हा ऐका. ज्यांना आधी वाचायचं आहे, त्यांनी 'द स्टोरीटेलर्स नॅशव्हिल' मिळतंय का पाहावं. कादंबऱ्यांचं नंतर बघू.

आता प्रश्न विचारा. वेळ आहे, असं अध्यक्ष खुणेनं सांगताहेत.